दोघांसाठी मांडलेलं टेबल

काका, लुर्दीसबाईंचं नाव आधी घेतो. तुमची आणि त्यांची गाठ कधी पडली नाही. त्या उत्तनच्या. नवऱ्याची होडी आहे. वय साठीच्या पुढे असेल, आणि आवाज असा की वाळूवरून हाक मारली तर होडीतल्या माणसाने मान वळवावी. परवा त्यांनी मला जेवू घातलं. नुसतं वाढलं नाही, समोर बसून जेवू घातलं. काय झालं ते सांगतोच. पण मी कुठलीही गोष्ट मधूनच सुरू करतो आणि तुम्ही ओरडायचात, "अरे, आधी माणूस कोण ते सांग!" म्हणून आज आधी माणूस सांगितला.

आता तुमच्या त्या हॉटेलाचं.

लग्नाची भांडी पोचवायला आपण उत्तनला गेलो होतो तो दिवस घ्या. आपल्या भांड्यांच्या कारखान्यातला टेम्पो बिघडला होता आणि शेठ डोक्याला हात लावून बसले होते. तुम्ही म्हणालात, मी नेतो स्कूटरवर. पॉलिश माझं होतं, भांड्यांवर नावं तुम्ही घातली होती, म्हणून दोघांनी जायचं. तुम्ही पुढे, मी मागे, मांडीवर पातेली, मधल्या फटीत ताटांचा गठ्ठा. खड्डा आला की ताटं वाजायची आणि तुम्ही म्हणायचात, "निघाली वरात!" राई गेलं, मोरवा गेलं, मिठागरं गेली, डोंगरीचा चढ आला तरी तुमची वरात चालूच. मी मात्र घट्ट धरून बसलो होतो. एखादं ताट पडलं, पोचा आला, तर पाहुणे काय म्हणतील, शेठ काय म्हणतील. तुम्ही आरशातून बघितलंत आणि म्हणालात, "दत्ता, ताट पडलं तर ताट पडेल. तू कशाला आधीच पडतोस?"

परत येताना समुद्राच्या कडेला तुम्ही स्कूटर थांबवलीत. पत्रे लावून काहीतरी बांधकाम चाललं होतं ते पत्रे काढले होते. आत पांढरंफेक घर, दारं-खिडक्या निळ्या, अंगणात झाडांच्या कुंड्या आणि समुद्राकडे तोंड करून टेबलं. वर पाटी. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून ती वाचलीत. मेडिटेरेनियन.

"हे काय असतं?" मी विचारलं.

"समुद्र आहे एक. युरोपच्या पायथ्याशी."

"मग इथे कशाला त्याचं नाव?"

"तुझं गाव मंडणगडला आहे, मग तू भाईंदरला कशाला?"

तुम्ही म्हणालात, "उघडलं की यायचं आपण. तुझ्या वाढदिवसाला." मी म्हटलं, माझा वाढदिवस कधी ते आईलाही सांगता येत नाही, दाखल्यावर एक जून आहे. आमच्या शाळेत निम्म्या पोरांचा एक जूनच होता, मास्तरांनी सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं होतं. तुम्ही एवढे हसलात की चष्मा कपाळावरून नाकावर आला.

तिथून आपला वाद सुरू झाला, काका. तो अजून संपलेला नाही, आणि आता एका बाजूला कोणी बसलेलं नाही.

रोज दुपारी डबा उघडला की तुम्ही तो विषय काढायचात. माझं म्हणणं एकच होतं. आपल्यासारख्यांनी तिथे जाऊ नये. सातवी शिकलेला माणूस, पॉलिशवर काम करणारा, नखांतला काळा रंग साबणाने जात नाही. कार्ड हातात देतील ते इंग्रजीत. काटे-चमचे ठेवतील. कुठल्या हाताने काय धरायचं? कोणी हाकललं नाही तरी बघतील ना. तुम्ही म्हणायचात, बघू देत. बघायला लागतं काय, डोळेच आहेत. मग तुम्ही भाच्याच्या मोबाईलवरून त्या हॉटेलातल्या जेवणाचे फोटो आणलेत आणि पॉलिशच्या चाकाच्या, बफच्या, धुळीने भरलेल्या बाकावर मोबाईल टेकवून एकेक दाखवायला लागलात.

"ही बघ, चण्याची चटणी. पिठल्यावर वाढलेला माणूस तू, आणि चण्याला घाबरतोस? ही भाकरी. जरा फुगलीय इतकंच. ही वांगी, भाजून. हे तर भरीतच झालं! आणि हा मासा. हा ओळख."

मी बघितला. म्हटलं, जिताडा.

"जिताडा!" तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "इंग्रजीत त्याला सी बास म्हणतात म्हणून तो काय साहेब झाला? आमच्या म्हसळ्याकडे जावयाला देतात. तुमच्या तिकडे मिळतो का, खाडीपलीकडे? तुम्ही आपले बांगडे खा."

बाणकोटची खाडी मध्ये. तुम्ही अलीकडचे, मी पलीकडचा. या एका गोष्टीवर तुम्ही मला इतकी वर्षं छळलंत. कारखान्यात बाकी सगळे गोरखपूरकडचे, शेठ गुजराती, आणि खोलीत माझ्याबरोबर राहणारे दोघे बिहारचे. दिवसभर तोंडात हिंदी. मराठी म्हणजे फक्त तुम्ही आणि रविवारी काकू. तुम्ही गेल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की कालपासून मी मराठीत एक अक्षर बोललेलो नाही. मग बफ चालू असताना, त्या आवाजात कोणाला ऐकू येणार नाही म्हणून, मी तोंडावरच्या फडक्याच्या आतून तुमच्याशी बोललो. काय बोललो ते विचारू नका. "जेवलात का" असं काहीतरी.

तुम्ही कसे गेलात ते मी लिहीत नाही. ते सगळ्यांना माहीत आहे आणि मला त्यातलं काही कळलेलं नाही. आदल्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, "उघडलं रे तुझं हॉटेल, भाचा सांगत होता. रविवारी जाऊ." मी म्हटलं, "बघू." एवढंच आपलं शेवटचं बोलणं. भांडणसुद्धा नाही, नुसतं बघू.

आता जे सांगतो ते तुम्हाला आवडणार नाही.

मी तुमचा दुखवटा धरला. कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला स्मशानात पोचवून आलो त्या दिवशी पेणकरपाड्यात तुमच्या घरी चूल पेटली नाही. शेजारच्यांनी पिठलं-भात आणला. कडू घास. सगळ्यांना पुढे बसवून दोन-दोन घास दिले. मलाही दिला. तो घास हातात असतानाच मी मनात धरलं की काकांचं मी पाळणार. मासा नाही, मटण नाही, गोड नाही, गादी नाही. खोलीत सतरंजीवर झोपायला लागलो. रूममधले दोघे अंडी करायचे आणि विचारायचे, "क्या हुआ भाई, पेट खराब है?" मी हो म्हणायचो. काय सांगू त्यांना?

पण धरताना सोडायचं कसं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. दुखवटा आपल्या हाताने सुटत नाही. दुसऱ्या कोणीतरी यावं लागतं. मामा, मेहुणे, सोयरे, कोणीतरी बाहेरचं आपलं माणूस येतं, आपल्या घरी नेतं, पाटावर बसवतं, मासा किंवा गोड वाढतं, आणि म्हणतं, जेव आता. मग सुटतं. माझ्या वडलांच्या वेळी मामा आला होता, मला आठवतंय. त्याने माझ्या डोक्यावर टोपी घातली होती आणि ती कानांपर्यंत आली होती.

तेराव्याला काकूंचे भाऊ म्हसळ्याहून आले. काकूंना साडी, तुमच्या मुलाला टोपी-टॉवेल, भाच्याला, पुतण्याला. एकेकाला नावाने हाक मारून पाटावर बसवलं. मी पाण्याचे ग्लास भरत होतो. पाटांच्या रांगेत मी नव्हतो आणि असायचं कारणही नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं ना. काकूंनी एकदा माझ्याकडे बघितलं, पण त्यांचे डोळे त्या दिवशी कशावरच टिकत नव्हते. त्यांच्यावर माझं आणखी ओझं कशाला? मी गोडाचं ताट तुमच्या पुतण्याच्या मुलाला दिलं आणि पोट बिघडलंय म्हणून निघालो.

आईला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे येड्या, तुला कशाला दुखवटा? तो आपला कोण?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नात्याचा ना गोत्याचा. सोड ते. मासे खा, बरा होशील."

"असं कसं सोडू? कोणी सोडवायला नको?"

"मग गावाला ये. मामाला सांगते."

गावाला जायचं कसं? तुम्ही नाहीत म्हटल्यावर नावं घालायचं काम बाहेर द्यायला लागतंय, शेठ आधीच वैतागलेले, रजा मागायला तोंड उघडवत नाही. आणि खरं सांगू, मला रजेचं दुःख नव्हतं. आईने विचारलं तेच डोक्यात बसलं. तो आपला कोण? तिचं काही चुकलं नाही. तिने तुम्हाला पाहिलंच नव्हतं. पण मला उत्तर देता आलं नाही आणि ते मला लागलं. भाईंदरला आलो तेव्हा पहिल्या दिवाळीला मी खोलीत एकटा बसलो होतो आणि तुम्ही दारात उभं राहून म्हणालात, "चल, उटणं लावायला माणूस कमी पडतोय." इतकी वर्षं रविवारचा मासा तुमच्याकडे. माझ्या ताटात तुम्ही मधला तुकडा सरकवायचात आणि स्वतः डोकं घ्यायचात आणि म्हणायचात, डोक्यालाच चव असते, तुला अक्कल नाही. रात्रशाळेत जा म्हणून पाठीशी लागायचात. याला नातं काय म्हणायचं ते आईला सांगता येईना. नात्याला शब्द नाही म्हणजे नातं नाही, असं होतं का, काका? मग मी इतके दिवस कोणासाठी सतरंजीवर झोपत होतो?

परवा सुट्टी होती. घरात बसवेना. अंघोळ केली, नखं घासली, तुमच्या मुलाच्या लग्नात काकूंनी दिलेला शर्ट घातला आणि भाईंदर स्टेशनवरून उत्तनची बस धरली. दुखवटा सोडवायला गेलो नव्हतो, हे लक्षात घ्या. तुमचा हट्ट होता, तो पुरा करू म्हटलं. तुमच्यासाठी निदान बसून यावं.

हॉटेलाच्या दारात एक पोरगी उभी होती, हातात नावं लिहायची पाटी. हसून विचारलं, "सर, कितने लोग?"

आणि माझ्या तोंडून गेलं, "दो."

मला स्वतःलाच कळलं नाही. दुरुस्त करायला तोंड उघडलं तोवर ती पुढे चालायला लागली होती. समुद्राकडचं टेबल. दोन ताटं, दोन ग्लास, दोन रुमाल घड्या घालून. मी बसलो. समोरची खुर्ची रिकामी, तिच्या पाठीमागे समुद्र, ओहोटी लागलेली, लांब होड्या कलंडलेल्या. हात आपोआप ताटाकडे गेला आणि मी ते उलटं करून पाठ बघितली. मातीचं जाड ताट, निळं. तुम्हीही तेच केलं असतंत, आणि म्हणाला असतात, "नाव नाही घातलेलं. चोरीला जाणार."

वेटर आला. "सर, दूसरे गेस्ट आ जाएँ, फिर ऑर्डर लूँ?"

"हाँ. आ रहे हैं," मी म्हटलं.

बघा, एका खोट्यावर दुसरं. आता हा येऊन विचारणार, कुठवर आले? तिसऱ्यांदा विचारलं तर काय सांगू? ट्रॅफिक? बाजूच्या टेबलावर चार-पाच जण फोटो काढत होते आणि दर वेळी पाणी ओतलं की थँक्यू, ताट उचललं की थँक्यू. मला वाटलं, तुम्ही असता तर मोजत बसला असतात. आपण दोघं एकमेकांना कधी थँक्यू म्हणालो नाही. मी एकदा म्हणालो होतो, पहिल्या दिवाळीनंतर, तर तुम्ही म्हणालात, "जास्त शिकलास का?" त्यानंतर माझी हिंमत झाली नाही. ते मनात राहून गेलं. आता म्हटलं तरी तुम्ही ओरडायला नाही, म्हणून म्हणत नाही.

वेटर परत आला तेव्हा मी म्हटलं, "वो लेट हैं. ऑर्डर ले लो." कार्ड इंग्रजीतच होतं. मी ते उघडलंच नाही. तुम्ही दाखवलेलं आठवलं तसं सांगितलं. चण्याची ती चटणी, रोटी, आणि मछली. कौनसी मछली? म्हटलं, सी बास. अख्खी.

मासा आला. अख्खा जिताडा, निखाऱ्यावर भाजलेला, पोटात लिंबाच्या चकत्या, वर कसलीतरी हिरवी पानं. वास आला आणि मी खुर्ची पुढे ओढली. किती दिवसांत मासा बघितला नव्हता. मी रोटी मोडली, चटणीला लावली. ती गेली, चण्याचीच आहे, तुमचं बरोबर होतं. मग हात माशाकडे गेला आणि थांबला. कसा खाणार? सुटलंच नाहीये. मी तुमच्या हट्टासाठी मागवला होता, तो खाता येणार नाही हे मागवताना डोक्यात नव्हतं. असा मूर्खपणा मीच करावा. मासा समोर, खुर्ची रिकामी, सूर्य पाण्याला टेकलेला, आणि मी हात मांडीवर ठेवून बसलेला. मासा गार होत चालला. डोकं तुमच्या बाजूला होतं.

"काय रं, वास मारतोय काय मासा?"

मी दचकलो. बाजूला एक बाई उभ्या. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, गळ्यात क्रूस, हातात रिकामी टोपली. त्याच लुर्दीसबाई.

"नाही, नाही. चांगला आहे."

"मग खात का न्हाय? सकाळी माज्या नवऱ्यानं आनलाय. हितं देते मी रोज. अर्धा तास बघतेय तिकडून, यो मानूस नुसता बघतोय माशाला. शेजारचं लोकं वळून बघतात. माज्या माशाची इज्जत काडतोस काय?"

मराठी ऐकलं, काका, आणि खरं तेच तोंडातून आलं. मी म्हटलं, "दुखवटा आहे."

त्यांनी टोपली खाली ठेवली. आवाज उतरला. "कोन गेलं?"

"काका."

"सख्खं?"

पुन्हा तेच. मी म्हटलं, "नाही. नात्याने कोणी नाहीत. कारखान्यात बरोबर होते." आणि मग सगळंच सांगून टाकलं, उभ्या उभ्या बाईला. धरलं कसं, सुटत का नाही, तेराव्याला ग्लास कोण भरत होतं, आई काय म्हणाली. दोन जण म्हणून खोटं सांगितलं तेही सांगितलं.

लुर्दीसबाईंनी सगळं ऐकलं. मग समोरची खुर्ची ओढली आणि बसल्या.

वेटर धावत आला. "आंटी, ये टेबल पे गेस्ट आनेवाले हैं."

"आली की गेस्ट. मी काय भूत हाय? जा, पानी आन."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली.

"आमच्यात पन आनतात जेवन," त्या म्हणाल्या. "माजा दीर बुडला तवा म्हयनाभर चूल पेटली न्हाय, आख्ख्या आळीनं खायला घातलं. कोन सख्खं, कोन न्हाय, कोनी इचारलं न्हाय. तुज्या रितीत काय, दुसऱ्याच्या घरी जेवायचं?"

"हो. कोणीतरी आपल्या घरी नेऊन वाढायचं."

त्यांनी पायाखालच्या फरशीवर टाच आपटली. "हे काय हाय? हितं माजी सासू बोंबील वाळवायची. मी लगीन होऊन आले तवा हितंच बांबूच्या वलांडीवर बोंबील टाकायला शिकले. माजं आंगन हाय हे. ह्यांनी भाड्यानं घेऊन टेबलं मांडली म्हनून काय झालं? तू माज्या आंगनात बसलायस. मंजी माज्या घरी आलायस."

मी काहीतरी बोलणार होतो. त्यांनी ऐकलं नाही. हाताने जिताड्याचा मधला भाग उकलला, काटा एका ओढीत काढून बाजूला ठेवला, रोटीचा तुकडा मोडला, त्यावर मासा ठेवला आणि माझ्या ताटात ठेवला.

"नाव काय तुज्या काकाचं?"

"शांताराम."

समुद्राकडे तोंड करून, बाजूचे फोटोवाले गप्प झाले एवढ्या मोठ्याने, त्या म्हणाल्या, "शांताराम! तुजा पोरगा जेवतोय रं. बघून घे." मग माझ्याकडे वळून, "जेव आता."

मी जेवलो, काका. रडलो पण, ते लपवत नाही. लुर्दीसबाई डोकं चोखत बसल्या होत्या, मधेच म्हणत होत्या, "मीठ हाय, मिरची न्हाय. पैशेवाल्यांना तिकाट सोसत न्हाय." वेटरने विचारलं, सब ठीक है? त्यांनी त्यालाही जेवायला बसवायचं तेवढं बाकी ठेवलं. मासा संपला. लिंबाच्या चकत्या तेवढ्या राहिल्या. पाणी वाढलं तेव्हा वेटरला थँक्यू मी म्हणालो, त्या दिवाळीनंतर पहिल्यांदा, आणि काही झालं नाही.

आता आपल्या वादाचं. तुम्ही जिंकलात असं मी म्हणणार नाही. लोक बघत होतेच, सांगत होतो ना. पण बघून बघून ते परत आपापल्या ताटाकडे वळले. एवढं तुमच्या बाजूने देतो. बाकीचं रविवारी बोलू, असं तोंडात आलं होतं बघा.

काल आईचा फोन आला. मी म्हटलं, सुटला दुखवटा. कोणी सोडवला? उत्तनच्या एका बाईंनी. "आता ती कोण आपली?" मी म्हटलं, "आई, मी येईन तेव्हा सांगतो. दोन्ही माणसांचं सांगायचंय, वेळ लागेल." तिने ते तिथेच सोडलं. मग म्हणाली, "काय खाल्लास?" जिताडा, म्हटलं. "तिखट होता का?" नव्हता. "मग कसला जिताडा," आई म्हणाली, आणि पहिल्यांदाच तुमचं नाव घेतलं. "शांतारामच्या बायकोला विचार, जेवते का नीट म्हणून." आज संध्याकाळी काकूंकडे जाऊन येतो.

एक राहिलं. निघताना मी लुर्दीसबाईंच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी टोपली मध्ये धरली. म्हणाल्या, नुसता वाकू नको, परत ये. मी माझा नंबर त्यांच्या सुनेच्या मोबाईलमध्ये घालून आलोय, आणि नाव नीट पडलंय का ते दोनदा बघितलं. त्यांचा नवरा रोज समुद्रात जातो. असलं मनात आणू नये, मला कळतं. होडी रोज परत येवो. पण वेळ कोणाच्या घरी येत नाही? त्यांच्या आळीत माणसं पुष्कळ आहेत, मी एक नसलो तरी त्यांचं अडणार नाही. तरी तुम्हाला सांगून ठेवतो. कधी त्यांच्या घरात चूल पेटली नाही असा फोन आला, तर शेठला काय सांगायचं ते नंतर बघीन. पिठलं-भात मला येतो, काकूंनी शिकवलाय. डबा घेऊन पहिल्या बसने उत्तनला जाईन, लुर्दीसबाईंच्या समोर बसेन, आणि त्यांनी घास गिळल्याशिवाय उठणार नाही.